पुरःस्थ ग्रंथीचा कर्करोग : उपचारांनंतर मंदावणारा मूत्रप्रवाह आणि पाठपुराव्याचे आव्हान

कर्करोगाच्या उपचारांचे यश मोजताना आपण बहुधा एकच प्रश्न विचारतो : रुग्ण वाचला का? हा प्रश्न महत्त्वाचा आहे यात शंका नाही. परंतु तो अपुरा आहे. उपचार पूर्ण करून घरी परतलेल्या रुग्णाचे पुढील आयुष्य कसे जाते, हा प्रश्न सार्वजनिक आरोग्याच्या चर्चेत क्वचितच येतो. पुरःस्थ ग्रंथीचा, म्हणजेच प्रोस्टेटचा, कर्करोग हे याचे ठळक उदाहरण आहे. शस्त्रक्रिया अथवा किरणोपचार यशस्वी होतात, रोग आटोक्यात येतो. आणि काही महिन्यांनी वा काही वर्षांनी लघवीची धार बारीक होऊ लागते. रुग्ण हे वयाचे लक्षण समजतो, नाही तर कर्करोग परतल्याच्या भीतीने गप्प राहतो. बहुतेक वेळा दोन्ही समजुती चुकीच्या असतात. मंदावलेला मूत्रप्रवाह ही मोजता येण्याजोगी व बहुतांशी उपचार करता येण्याजोगी स्थिती आहे. दुर्लक्ष झाल्यास मात्र तिची किंमत मूत्रपिंडांना मोजावी लागते. छत्तीसगडची राजधानी रायपूर आणि तिच्यावर अवलंबून असलेला विस्तीर्ण प्रदेश यांच्या संदर्भात या प्रश्नाचा येथे विचार केला आहे.

समस्येची व्याप्ती

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात ६० वर्षे व त्याहून अधिक वयाच्या व्यक्तींची संख्या सुमारे १०.४ कोटी, म्हणजे लोकसंख्येच्या ८.६ टक्के होती. त्यांपैकी ५ कोटींहून अधिक पुरुष होते. पुरःस्थ ग्रंथीचा कर्करोग हा प्रामुख्याने उतारवयातील रोग असल्याने आयुर्मान वाढते तशी त्याची रुग्णसंख्याही वाढते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये जगात या कर्करोगाचे सुमारे १४.७ लाख आणि भारतात सुमारे ३८ हजार नवे रुग्ण आढळले. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या आयोगाने २०२४ मध्ये असा अंदाज मांडला, की २०२० मधील सुमारे १४ लाख नवे रुग्ण ही जागतिक संख्या २०४० पर्यंत २९ लाखांवर जाईल, आणि ही वाढ प्रामुख्याने अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत होईल.

या आकड्यांची दुसरी बाजूही लक्षात घेतली पाहिजे. हा कर्करोग अनेकदा संथ गतीने वाढतो. योग्य उपचार मिळाल्यास रुग्ण पुढे अनेक वर्षे जगतो. साहजिकच उपचारांचे दूरगामी परिणाम सोबत घेऊन जगणाऱ्या पुरुषांची संख्या वाढत जाणार आहे. त्यांच्या तक्रारींत लघवीसंबंधीच्या तक्रारी नेहमीच्याच आहेत.

ग्रंथीची रचना आणि मूत्रप्रवाहाचे शास्त्र

पुरःस्थ ग्रंथी आकाराने अक्रोडाएवढी असते. ती मूत्राशयाच्या तोंडाशी असून मूत्रमार्गाचा सुरुवातीचा भाग तिच्यामधूनच जातो. या स्थानामुळेच ग्रंथीवर केलेल्या प्रत्येक उपचाराचा परिणाम लघवीवर होतो. मूत्र अडवून धरण्याचे काम दोन झडपा करतात. एक मूत्राशयाच्या मुखाशी असते व दुसरी ग्रंथीच्या खाली. पहिली अनैच्छिक आहे, तर दुसरीवर बऱ्याच अंशी आपले नियंत्रण असते. लघवी करताना मूत्राशयाचा स्नायू आकुंचन पावतो आणि त्याच वेळी दोन्ही झडपा सैल होतात. या समन्वयातील कोणताही दुवा बिघडला, की धार मंदावते.

भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना प्वाझोयचा नियम परिचित असेल. ताठ नळीतून संथपणे वाहणाऱ्या द्रवाचा प्रवाह नळीच्या त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात बदलतो. त्रिज्या निम्मी झाली, तर त्याच दाबाखाली प्रवाह सोळाव्या हिश्श्यावर येतो. मूत्रमार्ग ही लवचीक नळी असल्याने हा नियम तिला तंतोतंत लागू होत नाही. तथापि थोडासाही व्रण धार एवढी बारीक का करतो, याची कल्पना त्यावरून येते.

वाट अरुंद झाल्यावर मूत्राशय प्रथम अधिक जोर लावतो. त्याची भिंत जाड होते आणि काही काळ प्रवाह बऱ्यापैकी टिकून राहतो. हाच काळ फसवा असतो. पुढे स्नायू थकतो, मूत्राशय पूर्ण रिकामा होत नाही आणि आत शिल्लक राहणारी लघवी वाढत जाते. साचलेल्या लघवीत जंतुसंसर्ग होतो, खडे तयार होतात, आणि दाब मागे सरकत मूत्रपिंडांपर्यंत पोहोचल्यास ती सुजतात. ही सर्व प्रक्रिया विशेष वेदनेविना घडू शकते, हे तिचे सर्वांत धोकादायक वैशिष्ट्य होय.

उपचारानुसार बदलणारी कारणे

मंद प्रवाहाचे कारण रुग्णाने कोणता उपचार घेतला यावर मोठ्या प्रमाणात अवलंबून असते.

शस्त्रक्रियेत संपूर्ण ग्रंथी काढून मूत्राशयाचे मुख मूत्रमार्गाच्या उरलेल्या टोकाला जोडले जाते. अमेरिकन शल्यविशारद ह्यू हॅम्प्टन यंग यांनी १९०४ मध्ये ही शस्त्रक्रिया रूढ केली, तर पॅट्रिक वॉल्श यांनी १९८२ मध्ये ग्रंथीलगतच्या मज्जातंतूंना धक्का न लावता ती करण्याची पद्धत विकसित केली. शस्त्रक्रिया कितीही कौशल्याने झाली, तरी जोडाच्या जागी काही रुग्णांत व्रण आकसतो आणि वाट अरुंद होते. ही तक्रार बहुधा पहिल्या वर्षातच उद्भवते. लघवीची धार आठवड्यागणिक बारीक होत जाणे हे तिचे लक्षण आहे.

किरणोपचारांचे परिणाम दोन टप्प्यांत दिसतात. उपचार चालू असताना आणि त्यानंतरचे काही आठवडे ग्रंथी व मूत्रमार्ग सुजतात, जळजळ होते, वारंवार लघवीस जावे लागते आणि धार मंदावते. ग्रंथीत किरणोत्सारी कण बसवून केल्या जाणाऱ्या आंतरिक किरणोपचारांत ही सूज अधिक असू शकते. हा टप्पा बहुधा ओसरतो. दुसरा टप्पा मात्र काही वर्षांनी येतो. किरणांमुळे सूक्ष्म रक्तवाहिन्या हळूहळू बंद होतात, ऊती कठीण बनतात, मूत्रमार्ग आकसतो आणि मूत्राशयाची लवचीकता घटते. उपचारांनंतर पाच-सहा वर्षांनी उद्भवलेल्या तक्रारीचा संबंध जुन्या किरणोपचारांशी असू शकतो, हे रुग्णाच्या आणि कधी कधी स्थानिक डॉक्टरांच्याही ध्यानात येत नाही.

संप्रेरक उपचारांची गोष्ट वेगळी आहे. या कर्करोगाची वाढ पुरुषी संप्रेरकावर अवलंबून असते, हे चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखवून दिले. त्यासाठी त्यांना १९६६ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. वृषणे काढून टाकण्याची शस्त्रक्रिया अथवा इंजेक्शने यांद्वारे संप्रेरकाची पातळी खाली आणल्यास ग्रंथी आकसते आणि लघवीचा प्रवाह सुधारतो. मात्र काही इंजेक्शनांनी सुरुवातीचे काही दिवस संप्रेरकाची पातळी उलट वाढते. या काळात अडथळा वाढू नये म्हणून सोबत गोळ्या दिल्या जातात. पुढे रोग या उपचारांना दाद देईनासा झाला, तर वाढणारी गाठ पुन्हा मूत्रमार्ग दाबू शकते. भारतात अनेक रुग्णांचे निदान रोग पसरल्यावर होत असल्याने असे रुग्ण आपल्याकडे अपवादात्मक नाहीत.

याखेरीज कर्करोगाशी प्रत्यक्ष संबंध नसलेली कारणेही असतात. दीर्घकालीन मधुमेहामुळे मूत्राशयाचा स्नायू दुर्बल होतो. सर्दीवरील काही औषधे, ॲलर्जीच्या गोळ्या आणि अफूवर्गीय वेदनाशामके लघवी अडवतात. बद्धकोष्ठतेमुळे मूत्रमार्गावर दाब येतो. म्हणूनच रुग्णाने घेतलेल्या प्रत्येक औषधाची नोंद डॉक्टरांना दाखवणे आवश्यक ठरते.

मोजमाप : अंदाजाऐवजी नोंद

या तक्रारीचे पहिले मोजमाप कागद-पेन्सिलीने होते. आंतरराष्ट्रीय पुरःस्थ लक्षण गुणांकात सात प्रश्न असून एकूण गुण ० ते ३५ असतात. ७ पर्यंतचे गुण सौम्य, ८ ते १९ मध्यम आणि २० ते ३५ तीव्र त्रास दर्शवतात. मूत्राशय पूर्ण रिकामा झाल्यासारखे वाटते का, धार मध्येच तुटते का, जोर लावावा लागतो का, रात्री किती वेळा उठावे लागते, अशा स्वरूपाचे हे प्रश्न आहेत. थोडे प्रशिक्षण मिळालेला कोणताही आरोग्य कर्मचारी ते विचारू शकतो.

दुसरे मोजमाप मूत्रप्रवाहमापनाचे, म्हणजे यूरोफ्लोमेट्रीचे. रुग्ण एका यंत्रात लघवी करतो आणि यंत्र प्रवाहाचा आलेख काढते. निदान १५० मिलिलिटर लघवी झाली तरच ही तपासणी ग्राह्य धरतात. प्रवाहाचा उच्चतम वेग सेकंदाला १५ मिलिलिटरहून अधिक असणे सामान्यतः समाधानकारक समजले जाते, तर १० पेक्षा कमी वेग अडथळ्याची अथवा स्नायूच्या दुर्बलतेची शंका निर्माण करतो. या दोहोंतील फरक केवळ आलेखावरून सांगता येत नाही. त्यासाठी काही रुग्णांत मूत्राशयातील दाबाची स्वतंत्र तपासणी करावी लागते.

तिसरे मोजमाप शेष लघवीचे. लघवी झाल्यानंतर लगेच सोनोग्राफी करून आत किती लघवी उरली हे पाहतात. ही शेष लघवी सातत्याने ३०० मिलिलिटरहून अधिक राहत असेल, तर तो दीर्घकालीन मूत्रावरोध मानला जातो आणि मूत्रपिंडांची तपासणी टाळता येत नाही. याच वेळी रक्तातील क्रिएटिनिन, लघवीतील जंतुसंसर्ग आणि पीएसए हे प्रथिन तपासले जाते. ग्रंथी पूर्ण काढलेल्या रुग्णाचा पीएसए नगण्य असेल आणि धार मात्र मंदावत असेल, तर रोग परतल्यापेक्षा व्रण आकसल्याची शक्यता अधिक असते. अंतिम निदानासाठी मूत्ररोगतज्ज्ञ दुर्बिणीने मूत्रमार्ग पाहतात.

घरीही एक साधे मोजमाप करता येते. मापाच्या भांड्यात लघवी करून घड्याळ लावावे. २०० मिलिलिटर लघवीला ४० सेकंद लागले, तर सरासरी वेग सेकंदाला ५ मिलिलिटर झाला. यंत्र नोंदवते तो उच्चतम वेग या सरासरीपेक्षा अधिक असतो, म्हणून दोन्ही आकड्यांची तुलना करू नये. तथापि दर पंधरवड्याला अशी नोंद ठेवल्यास उतरता कल वेळीच लक्षात येतो आणि डॉक्टरांसमोर 'धार कमी झाल्यासारखी वाटते' या वाक्याऐवजी आकडा ठेवता येतो.

दैनंदिन जीवनातील व्यवस्थापन

निदान झाल्यानंतर अथवा तपासणीची वाट पाहताना काही सवयी उपयुक्त ठरतात. लघवीस पुरेसा वेळ द्यावा; बसून लघवी केल्यास ओटीपोटाचे स्नायू सैल पडण्यास मदत होते. पोट दाबून अथवा कुंथून जोर लावू नये. एकदा लघवी झाल्यावर काही मिनिटे थांबून पुन्हा प्रयत्न केल्यास शेष लघवी कमी होते. लघवी तासन्‌तास रोखून धरू नये. आहारात तंतुमय पदार्थ ठेवून बद्धकोष्ठता टाळावी. सर्दी-खोकल्याची औषधे डॉक्टरांना विचारल्याविना घेऊ नयेत.

पाण्याच्या बाबतीत रायपूरसारख्या प्रदेशात विशेष काळजी घ्यावी लागते. मे महिन्यात येथील तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते. धार मंद असलेला माणूस वारंवार लघवीला जावे लागेल, प्रवासात अडचण होईल, या भीतीने पाणीच कमी पितो. परिणामी लघवी दाट होते, जळजळ वाढते आणि संसर्ग व खडे यांना अनुकूल स्थिती निर्माण होते. शेतात वा उघड्यावर काम करणाऱ्याला उष्माघाताचा धोकाही असतो. म्हणून पाणी कमी करणे हा उपाय नव्हे. पाणी दिवसभर थोडे थोडे घ्यावे आणि झोपण्यापूर्वीच्या दोन-तीन तासांत कमी करावे. चहा, कॉफी आणि मद्य यांचे प्रमाण मर्यादित ठेवावे. हृदय अथवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी पाण्याचे प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे.

येथे एका गैरसमजाचा उल्लेख आवश्यक आहे. शस्त्रक्रियेनंतर ओटीपोटाच्या स्नायूंचे आकुंचन करण्याचे व्यायाम सांगितले जातात. आर्नल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये मांडलेले हे व्यायाम लघवी गळण्यावर उपयुक्त आहेत. अरुंद झालेली वाट त्यांनी रुंद होत नाही. गळणे आणि अडणे या दोन भिन्न तक्रारी आहेत, पण त्या एकत्रही असू शकतात. मूत्राशय काठोकाठ भरल्यावर लघवी थेंब थेंब बाहेर पडू लागते. अशा वेळी रुग्णाला केवळ 'गळती' दिसते, मूळ दोष मात्र अडथळ्याचा असतो. धार बारीक होत गेल्यानंतर सुरू झालेली गळती म्हणूनच तातडीने तपासून घ्यावी.

वैद्यकीय उपाय आणि त्यांची किंमत

औषधांपैकी टॅमसुलोसिन व तत्सम गोळ्या मूत्राशयमुखाचे व ग्रंथीतील स्नायू सैल करतात. किरणोपचारांनंतरच्या सुजेत त्यांचा उपयोग होतो. परंतु व्रण हा स्नायू नव्हे. व्रणामुळे वाट आकसली असेल, तर गोळीने ती उघडत नाही. महिनोन् महिने गोळ्या घेऊनही फरक पडत नसेल, तर मात्रा वाढवण्याऐवजी निदान पुन्हा तपासले पाहिजे. या गोळ्यांमुळे उठून उभे राहताना चक्कर येऊ शकते, ही बाब वृद्धांच्या बाबतीत दुर्लक्षिता येणार नाही.

आकसलेली वाट शलाकेने अथवा फुग्याने रुंद करता येते, किंवा दुर्बिणीद्वारे व्रणाला छेद देता येतो. या प्रक्रिया तुलनेने लहान असल्या, तरी व्रण पुन्हा आकसू शकतो आणि त्या पुन्हा कराव्या लागू शकतात. वारंवार आकसणाऱ्या मार्गासाठी पुनर्रचनेची मोठी शस्त्रक्रिया असते. पसरलेल्या रोगात गाठीमुळे अडथळा आला असेल, तर दुर्बिणीद्वारे गाठीचा काही भाग काढून वाट मोकळी केली जाते.

यातील निर्णय नाजूक असतो. संपूर्ण ग्रंथी काढताना मूत्राशयमुखाची झडप बहुतांशी निकामी होते आणि लघवी रोखण्याची भिस्त खालच्या झडपेवर उरते. व्रण याच झडपेच्या जवळ असल्यास तो छेदताना गळती सुरू होण्याचा धोका असतो. किरणोपचार घेतलेल्या ऊतींचा रक्तपुरवठा कमी असल्याने जखम भरण्यास विलंब लागतो. त्यामुळे 'वाट मोकळी करा' एवढी मागणी पुरेशी नाही. किती मोकळी करायची आणि त्यासाठी किती धोका पत्करायचा, हे रुग्ण आणि तज्ज्ञ यांनी मिळून ठरवायचे असते.

मूत्राशयाचा स्नायूच दुर्बल झाला असेल, तर रुग्ण स्वतः दिवसातून ठरावीक वेळा बारीक नळी घालून मूत्राशय रिकामा करू शकतो. ही पद्धत जॅक लॅपिडीस यांनी १९७२ मध्ये मांडली. त्यांचे म्हणणे असे, की यासाठी शस्त्रक्रियागृहासारखे निर्जंतुक वातावरण नको, स्वच्छ हात आणि स्वच्छ नळी पुरेशी आहे. संसर्गाचे खरे कारण साचलेली लघवी हेच असते. ग्रामीण भारताच्या दृष्टीने हा विचार मोलाचा आहे. हे शक्य नसल्यास कायमची नळी मूत्रमार्गातून अथवा ओटीपोटातून बसवावी लागते. ती ठरावीक मुदतीने बदलणे आवश्यक असते.

पुढील लक्षणे आढळल्यास मात्र विलंब न करता रुग्णालय गाठावे :

१. लघवी पूर्णपणे बंद होणे व ओटीपोटात तीव्र वेदना.
२. थंडी वाजून ताप येणे.
३. लघवीतून रक्ताच्या गाठी जाणे.
४. पाठदुखीसह पायांत अशक्तपणा अथवा बधिरता येणे व त्यासोबत लघवी अडणे. कर्करोग मणक्यात पसरून मज्जारज्जू दबल्याचे हे लक्षण असू शकते. अशा वेळी काही तासांचा विलंबही कायमचे अपंगत्व आणू शकतो.

रायपूर : सुविधा आणि अंतर

मराठी वाचकाला रायपूर परके नाही. नागपूरकर भोसल्यांच्या सत्तेचा वारसा सांगणारा हा प्रदेश १९५६ पर्यंत नागपूरसह एकाच प्रांतात होता. सुमारे ३०० किलोमीटरवरील नागपूर आणि त्यापुढे मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय ही छत्तीसगडच्या कर्करुग्णांची जुनी वाट आहे. १ नोव्हेंबर २००० रोजी राज्याची निर्मिती झाली, तेव्हा उच्चस्तरीय उपचारांची सोय प्रामुख्याने १९६३ मध्ये स्थापन झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयावर अवलंबून होती. पंडित जवाहरलाल नेहरू यांचे नाव असलेल्या या महाविद्यालयाशी डॉ. भीमराव आंबेडकर स्मृती रुग्णालय आणि प्रादेशिक कर्करोग केंद्र संलग्न आहे.

त्यानंतरच्या दोन दशकांत चित्र लक्षणीयरीत्या बदलले. २००३ मध्ये घोषित झालेल्या प्रधानमंत्री स्वास्थ्य सुरक्षा योजनेतून देशात सहा नव्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था उभारण्यात आल्या. भोपाळ, भुवनेश्वर, जोधपूर, पाटणा आणि ऋषिकेश यांसह रायपूरचा त्यात समावेश होता. रायपूरच्या संस्थेत २०१२ मध्ये अध्यापन सुरू झाले. दाऊ कल्याणसिंह यांच्या देणगीतून उभारलेल्या ज्या रुग्णालयाच्या इमारतीत राज्यनिर्मितीनंतर मंत्रालय थाटले गेले होते, तेथे २०१८ मध्ये पुन्हा अतिविशेषोपचार रुग्णालय सुरू झाले. मूत्ररोग विभाग त्यात आहे. त्याच वर्षी नवा रायपूर येथे बाल्को मेडिकल सेंटर हे कर्करोग रुग्णालयही कार्यान्वित झाले.

म्हणजे शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि संप्रेरक उपचार या तिन्हींसाठी आता राज्याबाहेर जाणे अपरिहार्य राहिलेले नाही. तथापि उपचार रायपुरात आणि रुग्णाचे उर्वरित आयुष्य गावात, ही विभागणी कायम आहे. बस्तरमधील जगदलपूर रायपूरपासून सुमारे ३०० किलोमीटर, तर सरगुजातील अंबिकापूर त्याहूनही दूर आहे. शस्त्रक्रियेसाठी कुटुंब एकदा हे अंतर कापते. पण 'धार जरा बारीक झाली' एवढ्यासाठी मजुरी बुडवून पुन्हा रायपूरला कोण जाणार? व्रण आकसतो तो नेमका याच काळात.

शासकीय योजना : काय आहे, काय उणे आहे

राष्ट्रीय कर्करोग नियंत्रण कार्यक्रम १९७५-७६ मध्ये सुरू झाला. २०१० मध्ये कर्करोग, मधुमेह, हृदयविकार व पक्षाघात यांच्यासाठी एकत्रित राष्ट्रीय कार्यक्रम आखण्यात आला. २०२३ पासून तो असंसर्गजन्य रोग प्रतिबंध व नियंत्रण कार्यक्रम म्हणून ओळखला जातो. त्याअंतर्गत मुख, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन कर्करोगांची सार्वत्रिक चाचणी केली जाते. पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगाचा त्यात समावेश नाही. वृद्धांसाठीचा राष्ट्रीय आरोग्यसेवा कार्यक्रमही २०१०-११ मध्ये सुरू झाला.

२३ सप्टेंबर २०१८ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेने पात्र कुटुंबांना वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण दिले. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे व त्यावरील सर्व नागरिकांना उत्पन्नाची अट न ठेवता तिचा लाभ खुला झाला. या रोगाचे अनेक रुग्ण याच वयोगटातील असल्याने हा विस्तार महत्त्वाचा आहे. तथापि ही योजना मूलतः रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांसाठी आहे. दाखल होण्यापूर्वीचे तीन व घरी परतल्यानंतरचे पंधरा दिवस वगळता बाह्यरुग्ण सेवेचा खर्च तिच्या कक्षेत येत नाही. मूत्रप्रवाहमापन, शेष लघवीची सोनोग्राफी, नळ्या आणि महिन्याची औषधे हा सारा खर्च नेमका बाह्यरुग्ण विभागातील आहे. व्रणाचा पहिला संकेत मिळतो तो पंधरा दिवसांत नव्हे, तर पंधरा आठवड्यांत वा पंधरा महिन्यांत. उपचार व नियतकालिक तपासणीसाठी प्रवास करणाऱ्या कर्करुग्णांना रेल्वे भाड्यात सवलत देते. मात्र रेल्वेमार्ग नसलेल्या तालुक्यांतील रुग्णांना तिचा मर्यादितच उपयोग होतो.

छत्तीसगडकडे या उणिवेवर मात करण्याचे एक साधन आधीपासून आहे. २००२ मध्ये येथे सुरू झालेल्या मितानिन कार्यक्रमात गावोगावी आरोग्यसेविका निवडल्या गेल्या. त्यांची संख्या सुमारे ७० हजार आहे. 'मितानिन' म्हणजे छत्तीसगढी भाषेत मैत्रीण. २००५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातील 'आशा' या संकल्पनेस या अनुभवाचा आधार मिळाला. परंतु ६५-७० वर्षांचा पुरुष आपल्या लघवीची तक्रार गावातील सुनेच्या वयाच्या मितानिनकडे मोकळेपणाने सांगेल, अशी अपेक्षा करता येत नाही. येथे आयुष्मान आरोग्य मंदिरांतील पुरुष आरोग्य कर्मचाऱ्यांची भूमिका महत्त्वाची ठरते. या केंद्रांच्या बारा सेवांत वृद्धांची काळजी व वेदनाशामक काळजी यांचा समावेश आहेच. सात प्रश्नांचा गुणांक त्यात सहज सामावू शकतो.

पुढील दिशा

या विवेचनावरून काही सूचना पुढे येतात. पहिली, उपचारानंतर रुग्णाला घरी पाठवताना त्याच्या हाती पाठपुरावा पत्रिका द्यावी. घेतलेला उपचार, लघवीच्या तपासणीचे वेळापत्रक आणि धोक्याची लक्षणे तीत त्याच्या भाषेत नोंदवलेली असावीत. म्हणजे काही वर्षांनी त्याला तपासणाऱ्या स्थानिक डॉक्टरला जुन्या किरणोपचारांचा दुवा सापडेल. दुसरी, जिल्हा रुग्णालयांत मूत्रप्रवाहमापन यंत्र व शेष लघवी मोजण्याची सोय करावी. ही उपकरणे किरणोपचार यंत्रांच्या तुलनेत अल्पखर्ची आहेत. तिसरी, नळी घालण्याचे व स्वतः नळी वापरण्यास शिकवण्याचे प्रशिक्षण परिचारकांना द्यावे आणि नळ्यांचा पुरवठा आवश्यक साहित्यात धरावा. चौथी, २०१९ मध्ये सुरू झालेल्या ई-संजीवनी या दूरचिकित्सा सेवेचा उपयोग करून जिल्ह्यातील आकडे रायपूरच्या तज्ज्ञांपर्यंत पोहोचवावेत. ज्याला प्रत्यक्ष जाणे आवश्यक आहे तोच रुग्ण प्रवास करील.

या उपायांत नवे संशोधन नाही की अवाढव्य खर्च नाही. आवश्यकता आहे ती उपचार आणि पाठपुरावा यांना एकाच सेवेची दोन अंगे मानण्याची. कुटुंबांनाही यात वाटा उचलावा लागेल. घरातील वडीलधारे पुरुष रात्री वारंवार उठतात, न्हाणीघरात बराच वेळ घालवतात किंवा पाणी पिण्याचे टाळतात, हे घरच्यांना दिसत असते. लाजेने झाकलेली ही तक्रार विचारपूस केल्याने उघड होते, मोजमापाने समजते आणि वेळेवर उपचार झाल्यास बहुधा आटोक्यात येते. कर्करोगातून वाचवलेला माणूस मूत्रपिंडांच्या विकाराने गमावला, तर उपचारांवर झालेला खर्च व श्रम दोन्ही व्यर्थ ठरतात. रायपूरने पहिल्या टप्प्यासाठी लागणारी रुग्णालये उभी केली आहेत. दुसरा टप्पा जिल्हा, तालुका आणि गाव यांना मिळून पार पाडायचा आहे.